मेव्हिस ग्रीनवुडची पुढची खोली

खिडक्या पुसणाऱ्या माणसाला गावातल्या भिंती जितक्या माहीत असतात तितक्या पाद्र्यालाही नसतात. पाद्री दारातून आत जातो, तोवर बाईने घर आवरलेलं असतं. मी शिडीवर चढून काचेतून बघतो, आणि माझ्यासाठी कोणी आवरत नाही. टेंटर स्ट्रीटच्या काचा मी लग्नाच्या आधीपासून पुसतो, तेव्हा सांगतो ते ऐकीव नाही.

आमच्या रस्त्यावर प्रत्येक घराला एक पुढची खोली असते आणि त्या खोलीत कोणीही बसत नाही. सगळं जगणं मागे, स्वयंपाकघरात, शेगडीपाशी. पुढची खोली नाताळासाठी, पाद्र्यासाठी आणि शवपेटीसाठी. भिंतीला तपकिरी कागद, आणि त्यावर ठरलेली चित्रं. लाटांतून उधळलेले पांढरे घोडे, नाहीतर गालावर टपोरा थेंब घेऊन उभं असलेलं एक पोर. त्या पोराचा मला भारी राग. ज्या घरी जावं तिथे तेच पोर आणि तोच थेंब. एकदा मी मिसेस क्लेगला विचारलं, "हिल्डा, हे कार्टं रडतंय कशासाठी?"

"तू पुसलेली काच बघून," ती म्हणाली.

अशा रस्त्यावर मेव्हिस ग्रीनवुड राहायची. बाई ठेंगणी, दंडाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. विणून आलेल्या लोकरी कापडावरून बोटं फिरवून गाठी शोधायच्या आणि तुटलेले धागे सांधायचे, हे गिरणीतलं तिचं काम. नवरा विल्फ त्याच गिरणीच्या रंगखात्यात. त्याचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे, आणि खोकला बारमाही. मूलबाळ नव्हतं. विल्फ बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते बहुतेक कुत्र्यांच्या शर्यतीबद्दल.

आमच्या नगरपालिकेच्या ग्रंथालयात तेव्हा एक सोय होती. पुस्तकासारखं चित्रही घरी नेता यायचं. वरच्या मजल्यावर चौकटीतली चित्रं खणांत उभी लावलेली असत. जुन्या थोरामोठ्यांच्या चित्रांच्या छापील प्रती होत्या, आणि लंडनच्या तरुण पोरांनी जाळीतून रंग ओढून छापलेली नवी भडक चित्रंही होती. एका कार्डावर एक चित्र, तीन महिने. मग परत आणून दुसरं न्यायचं. मेव्हिस वर गेली ती स्वच्छतागृह शोधत, आणि खाली आली ती काखेत एक मासा घेऊन. जुन्या काळचं चित्र होतं, ताटात मासा आणि बाजूला अर्धं सोललेलं लिंबू.

विल्फने ते पाहिलं आणि म्हणाला, "मासाच हवा होता तर मासेवाल्याकडून आणायचास. तळता तरी आला असता."

"तळलेला मासा एका रात्रीत संपतो," मेव्हिस म्हणाली.

तिने तो मासा पुढच्या खोलीत टांगला. मग तिला भिंतीवरचा तपकिरी कागद सहन होईना. रविवारी, सगळा रस्ता चर्चला गेलेला असताना, तिने तो सोलून काढला आणि भिंत मोहरीसारखी पिवळी रंगवली. मग तिला पांढरे घोडेही सहन होईनात. ते सासूबाईंचे होते, पण तिने काढले आणि कोळशाच्या खोलीत ठेवून दिले. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ती त्या खोलीत बसायला लागली. मंगळवारी! नाताळ नाही, कोणी मेलेलं नाही, आणि बाई आपली गिरणीतून येऊन, चहाचा कप घेऊन, ठेवणीतल्या खुर्चीत तासभर माशाकडे बघत बसलेली. मी शिडीवरून पाहिलं तेव्हा मला वाटलं हिला बरं नाही.

"मेव्हिस, ठीक आहेस ना गं?" मी काच ठोठावून विचारलं.

"होते," ती म्हणाली, "तू समोर येईपर्यंत."

विल्फ त्या खोलीत पाऊल टाकत नसे. त्याचंही खोटं नव्हतं. "मी दिवसभर रंगात बुडालेला असतो," तो म्हणायचा, "माझ्या घामालासुद्धा रंग येतो. घरी तरी करडं काहीतरी बघू दे." पण त्याने आपलं ग्रंथालयाचं कार्ड तिला देऊन टाकलं होतं. त्यामुळे एका वेळी तिची दोन चित्रं असत. बाकी भिंत तिने स्वतःच्या कमाईने भरली. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, संग्रहालयाच्या पोस्टकार्डांतून, कोणीतरी टाकलेल्या कॅलेंडरांतून. चौकटी विल्फच निमूटपणे करून द्यायचा, स्वयंपाकघरात बसून, चित्राकडे पाठ करून.

लावण्याच्या बाबतीत तिची मतं पक्की होती. "चित्र बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पाहिजे," ती म्हणायची. "उभ्या माणसाला कामं असतात." आणि खिळा ठोकण्याआधी ती चित्र आठवडाभर खुर्चीवर ठेवून बघायची, कोणाशेजारी नांदेल आणि कोणाशेजारी भांडेल ते.

रस्त्याला अर्थातच हे सोसलं नाही. हिल्डा क्लेगचं घर समोरच. नाकाने कांदे सोलण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. "परत द्यायचं चित्र काय कामाचं?" ती सगळ्यांना सांगायची. "शेजारणीचं बाळ कडेवर घेऊन मिरवायचं, आणि रडायला लागलं की देऊन टाकायचं! आणि कशासाठी? तर आपण इतरांपेक्षा शहाण्या आहोत हे दाखवायला." मेव्हिसच्या कानावर हे रोज जायचं. ती दार लावून घ्यायची आणि तासभर बसायची. तिला कोणाची परवानगी नको होती, आणि मला तिचं तेच आवडायचं. त्या पिवळ्या भिंतीसाठी मी तिची काच दोनदा पुसायचो.

अशी सहा वर्षं गेली. आणि मग तिने नऊजणी आणल्या.

हे त्या नव्या भडक चित्रांपैकी. केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेली एक बाई, डोक्यावर तो मोठा टोप, डोळे मिटलेले, तोंड जरा उघडं, मांडीवर मासिक. तीच बाई नऊ वेळा, तीन ओळींत, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगात. एकीचा चेहरा हिरवा, एकीचा नारिंगी, एकीचे ओठ टोमॅटोसारखे लाल आणि बाकी सगळी निळी. एवढं मोठं चित्र की विल्फला बसमध्ये त्याच्यासाठी वेगळी जागा धरावी लागली. मेव्हिस त्याच्यापुढे बसली ती तास संपला तरी उठली नाही. मी विचारलं, यात काय आहे एवढं? ती म्हणाली, "अर्नी, आयुष्यभर मला वाटायचं चित्रात राण्या असतात नाहीतर मेरीमाता. यात शुक्रवारची बाई आहे. पगार झालाय, केस धुतलेत, आणि अर्धा तास तिला कोणी हाक मारणार नाही. आणि कोणालातरी ते नऊदा छापावंसं वाटलं."

याच सुमारास बातमी आली की ग्रंथालयातला चित्रांचा विभाग बंद होणार. चित्रं विकून टाकणार आणि त्या जागेत कार्यालय करणार. ग्रंथालय समितीचा प्रमुख कौन्सिलर ॲकरॉइड. माणूस वाईट नव्हता. स्वतः गिरणीत मुकादम म्हणून राबलेला, पण मुकादमी अंगातून गेलेली नव्हती. मेव्हिस कामाच्या कपड्यांतच, केसांत लोकरीचे तंतू घेऊन, त्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मिसेस ग्रीनवुड," तो म्हणाला, "ही चित्रं नेतं कोण? एक दातांचा डॉक्टर, दोन मास्तर आणि तुम्ही. आपल्या लोकांना हे नको असतं. त्यांना घोडे आवडतात."

"आपल्या लोकांना घोड्यांशिवाय काही दाखवलंय कधी?"

"तुमच्या रस्त्यावर तुमच्याशिवाय एकाला तरी हवंय का?"

यावर मेव्हिसने आवाज चढवला. "गुरुवारी दुपारी घरी या," ती म्हणाली. "ज्या चित्रासाठी भांडतेय ते आधी बघा. न बघता बंद करायला ते काय गटार आहे?"

ॲकरॉइडला नाही म्हणता आलं नाही. सोमवारी समितीची बैठक होती, गुरुवारी तो येणार होता. त्या एका भेटीवर मेव्हिसचं सगळं अडून होतं. विभाग गेला की भिंतीवरच्या नऊजणीही जाणार, आणि पुढे येणारं प्रत्येक चित्र जाणार. तिने तसं बोलून दाखवलं नाही. पण बुधवारी काच पुसताना पाहिलं तर ती खोली झाडत होती आणि ओठ घट्ट मिटले होते.

आता गुरुवारचं ऐका. जून महिना, कधी नव्हे ते लख्ख ऊन, आणि ते सकाळपासून थेट नऊजणींवर. ग्रंथालयातल्या मिस थ्वेटने मेव्हिसला बजावलं होतं की उन्हाने छपाईचा लाल रंग उडतो. ॲकरॉइड येईपर्यंत ओठांचा लाल लालच राहायला हवा. म्हणून गिरणीत अर्ध्या दिवसाच्या कामाला निघताना तिने पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. विल्फ आठवडाभर छातीच्या दुखण्याने घरीच होता, मागे शेगडीपाशी. त्याला चहा ठेवून ती मागच्या दाराने गेली.

चित्रांच्या नादात बाई एक गोष्ट साफ विसरली. आमच्याकडे भर दिवसा पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले दिसले की पुरुष टोपी काढतात. त्याचा अर्थ एकच असतो.

हिल्डा क्लेगने पहिल्यांदा पाहिलं. आठवडाभर खोकल्याचा आवाज भिंतीपलीकडून सगळ्यांनीच ऐकला होता, आणि त्या सकाळी तो आला नव्हता. हिल्डाने आपले पडदे ओढले. शेजाऱ्यांच्या दुःखात आपण उजेड घ्यायचा नाही, ही आमची रीत. तिचे पाहून तिच्या शेजारणीने ओढले. मी शिडी घेऊन पोचलो तोवर अख्खा टेंटर स्ट्रीट मिटलेला होता. मी बादली खाली ठेवली आणि टोपी काढली. दार कोणी वाजवलं नाही, कारण घरची बाई आल्याशिवाय वाजवत नाहीत. मग पडदे ओढले कोणी, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. बायका मात्र कामाला लागल्या. मयताच्या जेवणासाठी कोणी हॅम उकडलं, कोणी ओव्याचा केक केला. विल्फला शिव्या घालणाऱ्यांनीसुद्धा कपाटातून काळे कपडे बाहेर काढले.

दुपारी मेव्हिस कोपऱ्यावर वळली आणि थबकली. सगळा रस्ता बंद. तिने हिल्डाला विचारलं, "कोण गेलं गं?"

हिल्डाने तिला मिठीच मारली. "अगं पोरी," ती हमसून म्हणाली, "तुला अजून कोणी सांगितलं नाही?"

मेव्हिसच्या चेहऱ्यावरचा रंग असा उडाला की तसा उन्हाने शंभर वर्षांत उडाला नसता. मिठी सोडवून ती मागच्या गल्लीकडे पळाली. पिशवी माझ्या पायाशी पडली. मी तिच्या मागे धावलो, तर स्वयंपाकघरात विल्फ पावाच्या जाड तुकड्याला चरबी लावून खात बसलेला.

"मेल्या!" मेव्हिस ओरडली. "जिवंत आहेस?"

"का? काही अडलंय?" विल्फ म्हणाला.

तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, मग त्याच्या डोक्यावर गाल ठेवून भोकाड पसरलं. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. सहा वर्षं ती चित्रांपायी जगाशी भांडत होती, आणि विल्फशिवाय त्या भिंतींचं काय करणार होती हा विचार तिने गल्लीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत धावताना पहिल्यांदाच केला होता. विल्फ बावचळून पाव हातात धरून बसला.

एवढ्यात पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. आमच्याकडे पुढचं दार उघडतं तेही शवपेटीसाठीच. सगळा रस्ता हॅम, केक आणि काळे कपडे घेऊन पुढच्या खोलीत शिरला होता. मेव्हिस डोळे पुसत आत गेली, मी मागोमाग. पडद्याच्या अंधारात माणसांची दाटी, आणि सगळ्यांच्या पुढे, टोपी छातीशी धरून, कौन्सिलर ॲकरॉइड. ठरल्या वेळी आला होता, आणि रस्ता पाहून त्यानेही तेच समजून घेतलं होतं.

तिने तोंड उघडायच्या आत त्याने तिचे दोन्ही हात धरले. "मिसेस ग्रीनवुड, काय बोलू? विल्फ माझ्या हाताखाली होता. सोन्यासारखा माणूस. तुम्हाला काहीही लागलं तर नुसतं सांगा."

मेव्हिसने डोळे वर केले. ते अजून ओलेच होते. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी तिला काहीतरी सुचलं ते मला दिसलं.

"चित्रांचा विभाग राहू द्या," ती म्हणाली.

"राहिला," ॲकरॉइड म्हणाला. "एवढ्या लोकांसमोर शब्द देतो. विल्फच्या आठवणीसाठी."

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "हॅम कोणी आणलंय?"

हिल्डा किंचाळली ती खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली. एका बाईच्या हातून केक पडला. विल्फ दारात उभा, ओठांवर चरबी, आणि आपल्या घरात इतकी माणसं आपल्याला बघून छातीवर क्रुसाची खूण का करतायत ते त्याला कळेना. ॲकरॉइड आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ही फसवणूक आहे!" तो म्हणाला.

"मी म्हणाले का तो मेला?" मेव्हिसने कमरेवर हात ठेवले. "मी ऊन अडवलं. मारलं ते तुम्ही सगळ्यांनी मिळून."

"शब्द मी विधवेला दिला होता. तो गेला." ॲकरॉइडने टोपी घातली. "आणि लाज वाटायला हवी तुम्हाला!"

मेव्हिसचा चेहरा पडला. मलाही वाटलं, संपलं. तेव्हा विल्फ पुढे आला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं. तो दोन वाक्यं बोलायचा, मग खोकायचा.

"साहेब," तो म्हणाला, "मला ही चित्रं आवडत नाहीत. त्या हिरव्या बाईने माझं डोकं उठतं." खोकला. "पण ही इथे तासभर बसते, आणि मग स्वयंपाकघरात येते तेव्हा हसत येते. गिरणीतून कोणाची बायको हसत येते, सांगा मला." पुन्हा खोकला. आम्ही सगळे थांबलो. "मी मेलो असतो तर तुम्ही दिलं असतंत. आत्ताच दिलंत, टोपी काढून दिलंत. मग मेलेल्याला देता ते जिवंताला द्यायला काय होतं तुम्हाला?"

ॲकरॉइड दाराकडे वळला. "सोमवारी समिती आकडे बघते," तो पुटपुटला. "माझ्या शब्दावर काही नाही. लोक नेत नाहीत, हा आकडा आहे." आणि तो गेला.

हवा पाहिजे म्हणून हिल्डाने पडदे सरकवले, आणि ऊन नऊजणींवर पडलं. मेव्हिस पडद्याकडे धावणार, तेवढ्यात हिल्डा म्हणाली, "अगं बाई, ही मी आहे!"

"कुठली?"

"ही नारिंगी. अशीच झोपते मी शुक्रवारी त्या टोपाखाली. तोंड असंच उघडं पडतं."

"नारिंगी मी," दुसरी कोणी म्हणाली. "तू हिरवी. तुझ्या जिभेला शोभतं." मग जो हशा पिकला तो मयताच्या घरी शोभणारा नव्हता. पण मयत स्वतः कोपऱ्यात हॅम खात बसलं होतं, तेव्हा कोणाची हरकत नव्हती. बायका खुर्च्यांवर, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसल्या आणि भिंती बघू लागल्या. पोस्टकार्डं, कॅलेंडरची पानं, चर्चच्या विक्रीतली चित्रं. उठायची घाई कोणालाच दिसली नाही.

शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांपासून दुधवाल्याच्या दुकानापर्यंत रांग होती. आमचा रस्ता, पलीकडचा रस्ता, गिरणीतल्या धागे सांधणाऱ्या सगळ्या बायका, हातात कार्ड. मीही होतो. मिस थ्वेट शिक्के मारून थकली. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावरचे खण रिकामे झाले. समितीला काय विकायचं ते विकू दे म्हणावं, चित्रं तीन महिने लोकांच्या भिंतींवर होती. सोमवारी विषय पुढे ढकलला, आणि पुढेही ढकलतच राहिले.

मेव्हिस मात्र त्या शनिवारी सगळ्यांना रांगेत उभं करण्यात अडकली होती. नऊजणींची मुदत संपलेली, म्हणून तिने त्या सकाळीच परत केल्या होत्या. ती वर पोचली तेव्हा एकही चित्र उरलं नव्हतं.

"सहा वर्षं मी एकटी येत होते!" ती मिस थ्वेटवर कडाडली. "आणि आज मलाच नाही?"

"आधी येईल त्याला, मिसेस ग्रीनवुड. नियम आहे."

ती तरातरा चालत टेंटर स्ट्रीटला आली. हिल्डा क्लेगच्या पुढच्या खोलीत रडक्या पोराच्या जागी नऊजणी होत्या, आणि हिल्डा ठेवणीतल्या खुर्चीत, चपला काढून, चहा पीत बसली होती.

"हिल्डा, फार वर लावलंयस. खाली घे," मेव्हिस दारातूनच म्हणाली. "आणि मला जरा बसू दे."

"उद्या ये," हिल्डा म्हणाली, डोळे चित्रावरून न हलवता. "आत्ता माझा तास चाललाय."

मी तिथेच शिडीवर होतो. मला वाटलं आता मेव्हिस हिच्या झिंज्या धरते. पण तिने दार आवाज न करता ओढून घेतलं, रस्ता ओलांडला, आणि मागच्या गल्लीतून विल्फला हाक मारत धावली.

"विल्फ! अरे, ऐकलंस का? हिल्डाने मला हाकलून दिलं!"

इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.